झाकलेलं कोंबडं

वैशाख लागला की माझी झोप पहाटेच्या आधीच मोडते. वय झालं, असं डॉक्टर म्हणतात. असेल. पण वयाला महिने थोडेच कळतात? माघात मला छान झोप लागते, श्रावणात लागते, आणि वैशाखातच नेमकी दगा देते. मग मी या कुशीवरून त्या कुशीवर होते, उशी उलटी करून बघते, आणि शेवटी खिडकीशी खुर्ची ओढून कोंबड्याची वाट बघत बसते.

सांगवीला नातीकडे राहायला आल्यापासून फार वाट बघावी लागत नाही. आमच्या इमारतीमागे गावठाणातली चार जुनी घरं अजून तग धरून आहेत. त्यांतल्या एका घरात एक तांबडा, उंच मानेचा, भलता आगाऊ कोंबडा आहे. आभाळात उजेडाचा पत्ता नसतो तेव्हापासून तो जगाला उठवायला लागतो. मला त्याचं काही वाटत नाही, मी उठलेलीच असते. पण माझी नात मुक्ता माण गावाकडच्या एका कंपनीत काम करते, आणि तिचं काम रात्रीचं. तिकडे अमेरिकेत दिवस असतो तेव्हा हिनं इथं जागायचं. पहाटे गाडी तिला फाटकाशी सोडते, ती तोंडावर पाणी मारून अंथरुणावर पडते, आणि नेमका त्याच वेळी हा पठ्ठ्या घसा साफ करतो. इमारतीतल्या लोकांचा फोनवर ग्रुप आहे, त्यावर सध्या त्या कोंबड्याविरुद्ध मोहीम चालू आहे. कोणी म्हणतं पोलिसांत कळवा, कोणी म्हणतं पालिकेला लिहा.

परवा मुक्ता लाल डोळ्यांनी स्वयंपाकघरात आली आणि कपाळ धरून म्हणाली, "आजी, त्या कोंबड्याला कोणी झाकून का ठेवत नाही गं?"

"उपयोग नसतो," मी म्हटलं.

"हो, माहितीये. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. शाळेत होती ती म्हण."

"तू शाळेत शिकलीस. मी झाकून बघितलंय."

ती हसली आणि पुन्हा झोपायला गेली. तिचा नवरा तिच्या मागोमाग गेला आणि खोलीचं दार असं लावून आला की कडीचासुद्धा आवाज झाला नाही. तो सकाळी मिक्सर लावत नाही. कपाटाचं दार खाली बोट धरून मिटतो. चहाचा कप बशीत ठेवताना मध्ये करंगळी घालतो, खण्ण होऊ नये म्हणून. मला त्याचं कौतुक वाटायला हवं, आणि वाटतंही. पण खोटं कशाला बोलू, कौतुकाच्या आधी हेवा वाटतो. नातीचा हेवा करणारी आजी कोणी बघितली नसेल, तर इथं येऊन बघावी. माझ्या झोपेसाठी कोणी बशीत करंगळी घातली होती का, असा हिशोब मी त्या खुर्चीत बसून मांडते. आणि दर वेळी त्या हिशोबात हमीदाभाभी येऊन उभी राहते.

ही एकोणीसशे पन्नास ते साठच्या दरम्यानची गोष्ट. मी लग्न होऊन कऱ्हाडकडून चिंचवडला आले होते. आज ज्याला शहर म्हणतात ते तेव्हा देऊळ, नदी, मळे आणि त्यांच्या मध्येमध्ये उगवलेले नवे कारखाने एवढंच होतं. आमचे हे पिंपरीकडच्या एका कारखान्यात बॉयलरवर मदतनीस होते. राहायला पवनेच्या काठापासून बरीच आत, पत्र्याची एक खोली. खोली एका गावकरी म्हातारीची. तिला सगळे आत्याबाई म्हणत. खोलीमागे हातभर अंगण आणि निवडुंगाचं कुंपण. कुंपणापलीकडे तसंच अंगण, तशीच पत्र्याची खोली, आणि त्या खोलीत हमीदाभाभी.

आणि वैशाख. पत्र्याच्या खोलीत वैशाख काय असतो ते पंख्याखाली बसून सांगता येत नाही. सूर्य हातभर वर आला की पत्रा तडतडायला लागायचा. जेवणवेळेपर्यंत आत भाकरी न भाजताच फुगेल असं वाटायचं. ह्यांची त्या उन्हाळ्यात सगळी रातपाळी होती. पहाटे भोंगा झाला की सायकल मारत यायचे, दोन तांबे पाणी अंगावर घ्यायचे आणि पडायचे. पहाटेपासून पत्रा तापेपर्यंत, एवढीच त्यांची रात्र. तेवढ्यात जी झोप मिळेल ती खरी. नंतर नुसतं घामात लोळणं.

आणि बरोबर तेवढ्याच वेळात माझ्या कोंबड्या जाग्या व्हायच्या.

कोंबड्या माझ्या होत्या, हे आधीच सांगते. पहिल्या माहेरपणाहून परत निघाले तेव्हा आईनं एक काबरी कोंबडी टोपलीत घालून दिली होती. "परक्या गावात अंगणात आपलं काहीतरी हलतं असावं," एवढंच ती म्हणाली होती. आगगाडीत ती टोपली मी मांडीवर घेऊन बसले होते. त्या काबरीनं चिंचवडला येऊन अंडी उबवली, पिल्लं वाढवली, आणि बघता बघता माझ्या अंगणात सहा-सात कोंबड्या आणि एक कोंबडा झाला. त्या गावात मला ओळखणारं दुसरं कोणी नव्हतं. मी मागच्या दारात उभी राहिले की त्या धावत यायच्या. दाण्यासाठीच यायच्या, मला काय कळत नव्हतं? पण धावत यायच्या.

एका पहाटे हे घरी आले ते पाणी न घेताच बसून राहिले. बॉयलरपाशी डुलकी लागली होती आणि फोरमननं बघितलं होतं.

"या खेपेला सोडलं," ते म्हणाले. "पुन्हा दिसलो तर घरी बसवतील. अजून कायम कुठं केलंय मला?"

बाहेर कोंबडा आरवला. लगेच आणखी एकदा. मग काबरीनं अंडं घातलं असावं, कारण तिनं साऱ्या आळीला ते ओरडून सांगितलं.

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "इंदू, चाकणच्या बाजारात देऊन टाकू त्या."

रागावून म्हणाले असते तर मी भांडले असते. आमचे हे रागावणारे नव्हते. ते इतकं थकून म्हणाले की भांडायची सोयच राहिली नाही. त्यांना झोप हवी होती आणि मला कोंबड्या हव्या होत्या. आठवड्याच्या बाजाराला चार दिवस राहिले होते. "मी त्यांना गप्प ठेवते, बघा तुम्ही," असं मी म्हणून बसले.

कोंबडं झाकायचं ही कल्पना म्हणूनच सुचली. आमच्याकडे कोंबड्या डालतात, म्हणजे संध्याकाळी वेताचं डालगं वरून पालथं घालून त्यांना झाकून ठेवतात. ते मी रोजच करत होते. पण वेताच्या फटींतून उजेड आत जातो, म्हणून त्याला दिवस कळतो, असा शोध मला लागला. मी डालग्यावर पोतं टाकलं. पोत्यावर ह्यांचं घोंगडं टाकलं. वारा जावा म्हणून खाली विटेएवढी फट ठेवली, तिच्यापुढे पाटी उभी केली. आत अशी काळोखी रात्र केली की माझं मलाच कौतुक वाटलं.

पहाट झाली. हे आले, झोपले. कोंबडा गप्प! मी चुलीशी बसून हसत होते. उन्हं जरा वर आल्यावर वाटलं, उकाड्यानं मरतील बिचाऱ्या, म्हणून हळूच घोंगडं काढलं, पोतं काढलं, डालगं उचललं. आत एवढा वेळ रात्र होती. डोळ्यांपुढे एकदम लख्ख उजाडलं. कोंबड्यानं पंख झाडले, मान वर केली आणि एवढ्या वेळाचं सगळं आरवणं एका दमात बाहेर काढलं. हे अंथरुणावर उठून बसले. "भोंगा झाला का?" म्हणून पायजमा शोधायला लागले.

आत्याबाई पुढच्या दारात गवऱ्या मोजत होती. ती हसून हसून खाली बसली. "अगं येडे," ती म्हणाली, "कोंबडं झाकून तांबडं फुटायचं र्‍हातंय व्हय? म्हातारी मानसं काय उगीच बोलून गेली?"

मी दुसऱ्या दिवशी तेच केलं, फक्त डालगं उशिरा काढलं. त्यानं उशिरा आरवलं, एवढाच फरक. आमच्या घरात रोज दोनदा उजाडायला लागलं.

आता हमीदाभाभीचं सांगते. तिचा नवरा लॉरी चालवायचा, मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर आणि त्याच्याही पुढे, आणि महिन्यातून दोन-तीनदा घरी यायचा. एरवी ती एकटी. माहेर चाकणचं, त्यामुळे बोली अगदी इथली. आणि तिच्याही कोंबड्या होत्या. माझ्याहून जास्तच होत्या, शिवाय एक काळाभोर कोंबडा. उन्हं चढली की ते सगळं लटांबर तिच्या अंगणात ऐटीत फिरताना दिसायचं. पण पहाटे? पहाटे तिच्या बाजूनं हूं नाही की चूं नाही. तिच्या खुराड्याला लाकडी फळी लावलेली, आणि फळीमागे नुसती शांतता.

ह्यांच्या ते लक्षात आलंच. "शेजारी बघ," ते एकदा भाकरी मोडताना म्हणाले, "कसं चिडीचूप असतं. काय करते ती, विचार की."

विचारायला गेले असते तर माझी जीभ झडली असती! मी तिला विचारणार? माझ्या पोटात दुखायला लागलं ते त्या भाकरीपासून. आधी फक्त तिच्या कोंबड्या डोळ्यांत खुपत होत्या. मग त्या दोन दिवसांत तिचं सगळंच खुपायला लागलं. तिच्या अंगणात कुठल्याशा झाडाची तिरकी सावली पडायची, माझ्या अंगणात पडायची नाही. ती हसली की गालाला खळी पडायची. तिची कोंबडी खुडूक बसली की सगळी पिल्लं जगायची, माझी दोन तरी घार न्यायची. आम्ही दोघी एकाच विहिरीवर पाणी भरायचो. ती "काय इंदूबाय" म्हणून बोलायला बघायची आणि मी दोर ओढता ओढता तोंड फिरवायचे. माणूस माणसाला पाण्यात बघतो म्हणतात. मी तर विहिरीत वाकून खरोखरीच बघत होते, तिचा चेहरा, माझ्या चेहऱ्याशेजारी हलणारा.

ती दाण्यात अफू घालते, असं मी आत्याबाईला सांगितलं.

"अफू?" आत्याबाई म्हणाली. "कोंबड्यांना अफू घालाय ती काय संस्थानिक लागून गेली का?"

पण मला पटलं होतं. मत्सराला पुरावा लागत नाही, नुसती संधी लागते.

बाजाराच्या आदल्या पहाटे हे घरी आले, सायकल भिंतीला लावली आणि सहज म्हणाले, "ती शेजारची बाई बघ, रोज नदीकडे जाताना दिसते. डोक्यावर हे एवढं डालगं."

"रोज?" मी म्हटलं.

"रोज. मी येतो तेव्हा ती वाटेत असते."

"आणि तुम्ही मला आज सांगताय?"

"त्यात सांगायचं काय?" असं म्हणून ते आडवे झाले. आणि माझ्या अंगाचा तिळपापड. कोंबड्या बाजूलाच राहिल्या. रोज पहाटे, अंधारात, एकाच वाटेवर, माझा नवरा आणि ती खळीवाली! ती बाजूला होत असेल, हे सायकलवरून उतरत असतील. ती काही बोलत असेल का? हे काय म्हणत असतील? मी जळत होते. असं जळणं मला आधी माहीत नव्हतं, पुढे आयुष्यात पुन्हा कधी झालं नाही, आणि वयाच्या या टोकाला त्याचं मला हसू येतं. तेव्हा मात्र मी डोक्यावर पदर घेतला, मागचं दार लोटलं आणि नदीची वाट धरली.

पूर्वेला नुकतं कुठं पांढुरकं झालं होतं. पवना उन्हाळ्यात रोडावून खडकांमधून चाललेली असायची, काठाला वाळूचे पट्टे पडायचे. तिथं एका करंजाखाली हमीदाभाभी पालथ्या डालग्यावर बसली होती आणि तिच्या साऱ्या कोंबड्या ओल्या वाळूत टोचे मारत होत्या. काळा कोंबडा खडकावर उभा राहून मनसोक्त आरवत होता. आमच्या घरांपर्यंत त्याचा आवाज पोचण्याचं कारणच नव्हतं.

"चोरासारकी मागनं का येतीस?" ती मागे न बघताच म्हणाली. "पुढं यी की."

मी पुढे गेले. काय बोलायचं ते वाटेत घोकून ठेवलं होतं, त्यातलं काही आठवेना. "तुम्ही कोंबड्या रोज इथं आणता?"

"मग? तितं ठिवल्या तर तुज्या मालकाला झोप लागंल व्हय? बिचारा रातभर जागून येतो."

"माझ्या मालकाच्या झोपेची काळजी तुम्हाला कशाला?" हे मात्र माझ्या तोंडून नीट, जसंच्या तसं निघालं.

ती आधी हसली. मग माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि तिचं हसू थांबलं. मी काय मनात घेऊन आले ते तिला कळलं असावं. दुसरी कोणी असती तर तिनं मला नदीत ढकललं असतं.

"तुज्या मालकाचं तोंडबी म्या धड पायलं न्हाई," ती म्हणाली. "खाली मान घालून जातो, अर्दा झोपेतच. बस हितं."

मी बसले नाही. उभीच राहिले.

"आमचे रातभर लारी घिऊन घाट चढत्यात," ती म्हणाली. "दिस उगवला की कुटंतरी, कुनाच्यातरी दारात खाट टाकून पडत्यात. कंच्या गावात, कुनाच्या दारात, मला काय ठावं? पन तितं कुनीतरी बाई आसंल का न्हाई? तिच्याबी कोंबड्या आसतील. तिनं त्या गप ठिवाव्यात, म्हनून म्या हितं माज्या गप ठिवते. माज्या हातात दुसरं हाय तरी काय? झोप न्हाई झाली तर फुडं घाट हाय."

कोंबडा पुन्हा आरवला. पलीकडच्या काठावरून कुठल्या तरी मळ्यातल्या कोंबड्यानं त्याला उत्तर दिलं.

"मला सांगायचं नाही का?" मी म्हटलं. आवाजातला ताठा अजून गेला नव्हता.

"कुटं सांगू? हिरीवर? तू तर तोंड फिरवतीस." मग वाळूत काडीनं रेघ ओढत ती म्हणाली, "आन खरं सांगू, इंदूबाय? मला तुजा लई हेवा वाटतो. दिस वर आला का पत्र्यातनं त्यांचं घोरनं ऐकू येतं माज्या अंगनात. मानूस जिता हाय, घरात हाय, झोपलाय. तुला नुसत्या कानानं कळतं. म्या काम करता करता मुद्दाम कुपाजवळ येऊन उभी र्‍हाते."

तेव्हा मी बसले.

त्या घोरण्याला मी कंटाळले होते, हे मी तिला सांगितलं नाही. मी जिच्या शांततेवर जळत होते ती माझ्या घरातल्या आवाजावर जळत होती. हसावं का रडावं तेच कळेना. मी वाळूत हात खुपसून बसून राहिले आणि म्हणाले, "उद्या बाजारात देणार आहेत माझ्या कोंबड्या."

"का म्हनून? आन की हितं. नदी काय माज्या बापाची हाय?"

दुसऱ्या पहाटे तिनं मला शिकवलं. अंधारात कोंबडी आंधळी असते, ती भांडत नाही. हात पोटाखाली घालायचा, पंख अंगाशी दाबायचे, हळूच उचलायचं, डालग्यात ठेवायचं. बोलायचं नाही. कोंबड्याला सगळ्यांत शेवटी. माझ्या हाताखाली काबरीच्या छातीत होणारी धडधड मला अजून आठवते. डोक्यावर डालगी घेऊन आम्ही दोघी निघायचो. पुढे ती, मागे मी. वाटेत ह्यांची सायकल समोरून यायची. हे उतरून बाजूला उभे राहायचे, आम्ही पुढे जायचो. कोणी काही बोलायचं नाही. पहिल्या दिवशी मी मान वळवून बघितलंच, ते तिच्याकडे बघतात का म्हणून. ते डोळे मिटून, सायकलला टेकून उभे होते.

चाकणचा बाजार आला तसा गेला. हे झोपू लागले. डोळ्यांखालचं काळं गेलं, भाकरी एक जास्त जायला लागली, आणि पुढे दिवाळीच्या आत ते कायमही झाले. कोंबड्या राहिल्या. माझी पैज मी जिंकले, असं मी आत्याबाईला सांगितलं, आणि तिनं "जिकली म्हनं" असं म्हणून गवऱ्या मोजायला घेतल्या.

पण मला सांगायचं आहे ते हे नाही.

रात्री उशिरापर्यंत ह्यांचा डबा, पहाटे उजाडायच्या आत नदी, मग विहीर, मग चूल, मग धुणं. ह्यांनी झोपावं म्हणून मी जागत होते, आणि मी कधी झोपते हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं, मलासुद्धा नाही. शिवाय मुक्ताचा बाप त्याच दिवसांत माझ्या पोटात आला होता. मला ते अजून नीट कळलं नव्हतं. नुसती पापणी जड व्हायची आणि विहिरीवर उभ्याउभ्या डोळा लागायचा. अशाच एका पहाटे मी करंजाला टेकून बसले. हमीदाभाभी तिच्या काळ्या कोंबड्याची काहीतरी तक्रार सांगत होती. वाळू थंड होती. नदीवरून वारा येत होता. तक्रार अर्ध्यावर असताना मला झोप लागली.

जागी झाले तेव्हा डालग्यावरचं फडकं माझ्या तोंडावर होतं. फडक्यातून प्रकाश दिसत होता. मी ते घाईघाईनं काढलं. ऊन चांगलं वर आलं होतं, नदी चमकत होती. चूल, पाणी, सगळं एकदम आठवलं. आसपास एकही कोंबडी नव्हती. तिच्या नाही, माझ्या नाही.

मग दिसल्या. पार खाली, खडकांच्या पलीकडच्या वळणावर, साऱ्या कोंबड्या हाकलून नेऊन हमीदाभाभी त्यांच्यामध्ये उभी होती. उन्हात, सावली सोडून. तिच्या एका काखेत तिचा काळा कोंबडा होता आणि दुसऱ्या काखेत माझा तांबडा. दोघांच्या डोक्यांवरून तिनं पदर घेतला होता. उजाडून एवढा वेळ झाला तरी त्या दोघांना रात्रच वाटत होती, आणि ते गप्प होते. तिचे हात भरून आले असणार. कोंबडा काय हलका असतो?

मी उठून उभी राहिले तसं तिनं पदर काढला आणि दोघांना खाली सोडलं. दोघेही पंख झाडून एकदम आरवले.

"अहो, उठवायचं नाही का?" मी ओरडले.

"का?" ती तिकडून ओरडली. "कंपनीत जायचंय व्हय तुला?"

घरी आले तेव्हा हे अजून झोपले होते. चूल पेटायला उशीर झाला आणि कोणाचं काहीही बिघडलं नाही.

परवा हे सगळं मी मुक्ताला सांगितलं. दुपारची ती उठून केस विंचरत होती. मागच्या गल्लीतल्या कोंबड्याविरुद्ध अर्ज लिहिलाय, सह्या गोळा होताहेत, तिचीही मागितली आहे, असं ती म्हणाली, म्हणून विषय निघाला. ऐकून तिनं कंगवा खाली ठेवला. सही केली की नाही ते मी विचारलं नाही; तिची झोप तिची आहे. तिचा नवरा आमच्यापुढे चहा ठेवून गेला. कप बशीत टेकताना आवाज झाला नाही.

"मग पुढे काय झालं तिचं?" तिनं विचारलं.

पुढे काय होणार? मृगाच्या आधी तिच्या नवऱ्याला चाकणच्या एका गॅरेजात काम मिळालं. तिचा माणूस घरी झोपायला लागला. ती फार आनंदात होती, आणि मी तिच्या आनंदात आनंदी होण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. खोली सोडताना तिनं कोंबड्या डालग्यात घातल्या, दिवसाढवळ्या, त्यामुळे त्यांनी आकांत मांडला. "गप गं बायांनो," ती त्यांना म्हणाली, "इंदूबायचा मालक झोपलाय." बैलगाडी रस्त्याला लागेपर्यंत तो कालवा ऐकू येत होता. मग ऐकू येईनासा झाला. पुढे तिची-माझी भेट झाली नाही.

तेव्हा चाकणला तिच्या कुंपणाला लागून कोणाचं तरी घर असेलच. तिथल्या बाईला पहाटे गाढ झोप लागत असेल, का लागते हे तिला ठाऊकही नसेल, आणि विहिरीवर ती बया तोंडसुद्धा फिरवत असेल. त्या बाईचा मला आजही हेवा वाटतो.